नाव टाकू नकोस, सुध्या

सातारा,
१८ जुलै

प्रिय सुध्या,

परवा रात्री तुझा मेसेज आला, "हिल मॅरेथॉनला दोघांचं नाव टाकतोय, फी भेटल्यावर दे." टाकू नकोस. तुझं टाक, माझं नको, माझं थायरॉईडचं दुखणं अजून अंगातून गेलेलं नाही. फोनवर सांगायला घेतलं असतं तर पहिल्याच वाक्याला तू "काही होत नाही रे" म्हणाला असतास आणि विषय तिथंच संपला असता. म्हणून लिहायला बसलोय. उन्हाळ्यापासून तुझ्या कुठल्याच मेसेजला धड उत्तर दिलं नाही, त्याचंही कारण हेच.

घरी सगळं ठीक. आईचे गुडघे आहेत तसेच, दादांची शुगर आटोक्यात. दुकानाचा शाळांचा सीझन आत्ता कुठे उरकला.

गेल्या रविवारी अजिंक्यताऱ्यावर गेलो होतो. पाऊस उघडला होता. शेवटच्या वळणावर आलो, समोर दोन्ही बुरूज दिसले, काळे, भिजलेले, आणि मी परत फिरलो. दम होता. पायही चालत होते. ठरवून फिरलो. साताऱ्यात हे कुणाला सांगितलं तर "बरं, मग?" म्हणतील. पण गडाच्या दरवाजाला हात लावल्याशिवाय उतरायचं नाही हा नियम कुणी केला, हे तुला माहीत आहे. अंगात ताप असताना आपण तो पाळला. बारावीच्या पेपरच्या पहाटे पाळला. तुझ्या ताईच्या लग्नादिवशी हळद लागलेल्या शर्टावर तू पळत वर गेलास आणि खाली काकू तुझ्या नावानं शंख करत होत्या, तेव्हाही पाळला. आणि परवा मी दरवाजा डोळ्यांनी बघून उतरलो. गडावरच्या मंगळाई देवीला निघालेली एक आजी मला ओलांडून वर गेली, तिनं विचारलं, "काय वो, इसरलं का काय घरी?" मी म्हटलं, "नाही आजी, आज एवढंच." ते चार शब्द तोंडातून बाहेर काढताना काय झालं ते तुलाच कळेल.

मार्चमध्ये फोनवर तू म्हणालास, "टीएसएच नॉर्मल आला ना? मग झालं की! उद्यापासून सुरू." मी "हो" म्हटलं आणि फोन ठेवला. राग आला होता. तुझा एकट्याचा नाही. रिपोर्ट आला त्या दिवशी सगळ्यांनीच मला बरा झालेला जाहीर करून टाकलं होतं. थायरॉईड मंदावलं की चढणारा तो टीएसएच ३८ वरून ३.१ वर आला, आता काय राहिलं? राहिलं ते माझ्या मांड्यांत, सुध्या. रक्तातलं सुधारलं तरी स्नायू मागून येतात, कधी कधी कित्येक महिन्यांनी, असं डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं. या आजारात मांड्या आणि खांदे आधी ढिले पडतात. वास्तुशांतीच्या पंगतीतून उठताना मला जमिनीवर हात टेकावा लागतो. दुकानात वरच्या फळीवरचे वह्यांचे गठ्ठे काढायला शिडीवर चढलो की दोन्ही हात वर करून उभं राहणं जड जातं. पोटऱ्यांत गोळे येतात ते रात्री, पाय पसरले की.

तुला सुरुवातीचं काही माहीत नाही. कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं, तिथून सुरू झालं. आधीच्या एका डॉक्टरांनी नाडी बघितली, मंद लागली, "पळणारे दिसता" म्हणाले आणि खूश झाले. ज्याची नाडी मुळातच सावकाश, तिचा नवा सावकाशपणा ओळखणार कोण? नंतर ज्यांच्याकडे गेलो त्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी लिहिण्याआधी थायरॉईड बघायला सांगितलं. ती ग्रंथी मंदावली की कोलेस्टेरॉल आपोआप चढतं, म्हणाले, आणि ते न बघता ती गोळी दिली तर आधीच दुखणारे स्नायू आणखी धरतात. मग सगळ्याचा उलगडा झाला. जुलैत आत स्वेटर घालून गल्ल्यावर बसणं, कोरडी पडलेली कातडी, दुपारी तीनला शटर अर्धं ओढून टेबलावर डोकं टेकणं. आणि तो आवाज. बसलेला आवाज ऐकून तूच म्हणाला होतास ना, "पम्या, सर्दी आहे का?" सर्दी नव्हती.

"हा बायकांचा आजार" हे मी आता इतक्या जणांकडून ऐकलंय की मोजणं सोडलं. बायकांना कितीतरी जास्त प्रमाणात होतो, हे खरंच. म्हणून पुरुषांत लवकर कुणाच्या मनातच येत नाही. आईनं घरात कोबी-फ्लॉवर बंद केलाय, थायरॉईडला वाईट म्हणून. शिजवलेल्या कोबीनं काही होत नाही आणि आपल्या मिठात आयोडीन असतं, हे तिला सांगून झालं, पण ती ऐकणाऱ्यातली नाही. शेजारच्या काकू रोज धण्याचं पाणी पाठवतात. मी ते पितो, कारण काकूंचं मन मोडवत नाही आणि पाणीच ते.

तू इतिहासाचा मास्तर, म्हणून तुझ्यासाठी हे शोधून ठेवलंय. माझा जो प्रकार आहे, म्हणजे शरीर आपल्याच ग्रंथीवर उलटतं तो, हाशिमोतो नावाच्या जपानी डॉक्टरनं १९१२ साली पहिल्यांदा लिहून ठेवला. त्याच्याही आधी, १८९१ साली, इंग्लंडात मरे नावाच्या डॉक्टरनं मेंढीच्या ग्रंथीचा अर्क एका बाईला टोचला. ती तोवर सुजून, मंद होऊन बसलेली होती. ती उठली आणि पुढे २८ वर्षं जगली. मी हे वाचलं त्या रात्री मला बरं वाटलं. त्या बाईला पहिल्यांदा स्वतःच्या पायांनी जिना चढताना काय वाटलं असेल, हे कुणी लिहून ठेवलेलं मला सापडलं नाही. सापडलं असतं तर फार उपयोग झाला असता.

खरी काळजी आता सांगतो. इतका वेळ तिच्याभोवतीच फिरतोय.

मला कळत नाही की कुठला थकवा कशाचा. एक आजाराचा, एक इतके महिने बसून राहिल्याचा, एक पन्नाशीला आलेल्या माणसाचा. तिघे एकाच वेळी दारात उभे राहतात आणि तिघांची तोंडं सारखी. बसून आलेल्याला रेटायचं असतं, आजाराच्याला रेटायचं नसतं. पूर्वी आपल्याला एकच थकवा माहीत होता, आणि तो बहुतेक वेळा खोटं बोलायचा. यवतेश्वरच्या घाटात दुसऱ्या वळणावर तो "बास" म्हणायचा, आपण त्याला शिव्या घालायचो आणि वर पोहोचायचो. आताचा खरं बोलतो, पण दोन दिवस उशिरा. मेमध्ये मी एका सकाळी गडावर जाऊन आलो, पार दरवाजापर्यंत, नियमाप्रमाणे. दुसऱ्या दिवशी छान होतो, दुकानात शीळ घालत होतो. तिसऱ्या दिवशी पहाटे उठून पायात चप्पल सरकवणं हेच काम होऊन बसलं, आणि तो आठवडा तसाच गेला. नीता काही बोलली नाही, फक्त दुकानाची किल्ली माझ्या हातातून घेतली.

ते झाल्यावर डॉक्टरांनी रक्त पुन्हा तपासलं. हिमोग्लोबिन, फेरिटिन म्हणजे शरीरात साठलेलं लोह, बी १२, ड जीवनसत्त्व, सगळं. ड कमी निघालं, ते चालू आहे. थायरॉईडची गोळी मात्र आहे तेवढीच ठेवली, १०० मायक्रोग्रॅम. तू म्हणशील वाढवून घे की थोडी, ताकद येईल. मीही विचारलं होतं. गरजेपेक्षा जास्त झाली की हृदयाचे ठोके बिघडतात आणि हाडं झिजतात, असं स्पष्ट उत्तर मिळालं. एकदा डोस बदलला की रक्तातलं चित्र स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात, तोवर कळ काढायची.

आता कसं चालू आहे ते सांगतो, आणि मध्ये हसू नकोस. पहाटे पावणेपाचला गोळी, उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर. तास होईपर्यंत चहा नाही, चहानं ती नीट शोषली जात नाही. म्हणजे आपला निघायच्या आधीचा चहा गेला, तो आता उतरल्यावर टपरीवर होतो. आणि चढताना मी एकोणतीसचा पाढा मोठ्यानं म्हणतो. हो, तोच, ज्याच्यावरून गुरुजींनी तुला व्हरांड्यात उभा केला होता. एका दमात पाढा म्हणता येतो तोवर वेग बरोबर. "एकोणतीस साते" ला श्वास तुटला की पाय आवरायचे. दोनशे तीन, सुध्या. तुला अजूनही येत नसणार. आठवड्यात दोनदा बैठका, भिंतीला पाठ लावून, थोड्याच, मध्ये पूर्ण एक दिवस सोडून. चढ वाढवला त्या आठवड्यात बैठका वाढवायच्या नाहीत. आणि सगळ्यात अवघड म्हणजे, थांबायचं ते बरं वाटत असताना. अजून जाववेल असं वाटत असताना.

म्हणून त्या वळणावरून फिरलो.

त्या उतारावर मला या गडाचे जुने किल्लेदार प्रयागजी प्रभू आठवले. तूच सांगितलं होतंस, तटावर बसून, दाणे खात. औरंगजेबानं १७०० साली सुरुंग उडवले, तट कोसळला आणि त्याखाली त्याचीच माणसं गाडली गेली, तरी गड हलला नाही. पुढं आतली रसद संपत आली आणि तो द्यावा लागला. तेव्हा मला ती गोष्ट सुरुंगाची वाटायची. आता रसदीची वाटते. माझा तट शाबूत आहे, मर्दा. मला फक्त आतलं धान्य बघून लढायला शिकायचं आहे, आणि ते शिकवणारं आपल्यात कधी कोणी नव्हतं. तू तर नव्हतासच.

आता तो विषय निघालाच आहे तर बोलून घेतो. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी यवतेश्वरच्या चढावर माझ्या पोटरीत गोळा आला आणि तू थांबला नाहीस. वरून ओरडलास, "चालत ये!" मी पावसाळाभर तुझ्याशी बोललो नाही. तू आजही म्हणतोस की थांबलो असतो तर दोघंही थंड पडलो असतो. असेल. मी अजूनही मानत नाही. पण आता मला तुझ्याकडून नेमकं तेच पाहिजे, फक्त उलटं. दिवाळीत येशील तेव्हा माझ्याबरोबर गडावर चल, आणि मी म्हणेन तिथून फिर. पुढे जाऊन वाट बघत थांबू नकोस, "एवढंच राहिलंय" म्हणू नकोस, आणि मला वाईट वाटू नये म्हणून दमल्याचं नाटक तर अजिबात करू नकोस, तुला ते येत नाही. वळणावर मी "आज एवढंच" म्हटलं की तूही वळायचं. इतकंच मागतोय. तू फिरलास तर तो नियम मोडला असं मला वाटणार नाही, आपण दोघांनी बदलला असं वाटेल. एकट्यानं बदलवत नाही रे.

हाच माझा वेग कायमचा का, असंही मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, बहुतेक लोक पूर्वीसारखे होतात, काहींना वेळ लागतो, वर्षभर तरी घाई करू नका. घाटाचे २१ किलोमीटर पुन्हा पळायचे आहेत मला. हे मी सोडलेलं नाही. या वर्षी नाही, एवढंच लिहितोय.

तुझं काय चाललंय? बदलीचं काही कळलं का, की अजून नागपूरच? सायलीला इंजिनीअरिंग नको असेल तर जबरदस्ती करू नकोस, तुला मेडिकलला घालायला निघाले होते तेव्हा तू काय तमाशा केलास तो आठव. वहिनींच्या नवीन शाळेबद्दल नीतानं विचारलंय. बाबांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं का? सदाशिव भेटला होता पोवई नाक्यावर, पार टक्कल पडलंय आणि तरी कंगवा खिशात.

मॅरेथॉनला पळणार असशील तर घाटात उतरताना गुडघ्यांची काळजी घे, तू उतारावर नेहमी मूर्खासारखा सुटतोस. त्या दिवशी मी यवतेश्वरच्या वळणावर उभा असेन, लिंबू-पाणी घेऊन. तू पुढे जा.

तुझा,
पम्या

ता. क. दिवाळीला येताना संत्री आणू नकोस, इथं मिळतात. संत्र्याची बर्फी आण, दोन बॉक्स. आईला एकच आणली म्हणून सांगायचं.