फॉर्मवरचा ‘हो’

संपादक महोदय,

गेली अकरा वर्षं मी ठाणे-नवी मुंबईत घरोघर फिरून सर्वेक्षणाचे फॉर्म भरून घेते. ‘इतक्या टक्के लोकांना अमुक वाटतं’ अशी बातमी वाचली की मला नेरुळचे एक काका आठवतात.

वेगळ्या जातीधर्माच्या कुटुंबाला फ्लॅट भाड्याने द्याल का, असं मी त्यांना विचारलं. ‘अगं, आम्ही असलं काही मानत नाही. लिही, हो.’ मी खूण केली, काकूंनी पन्हं दिलं. तेवढ्यात एजंटचा फोन आला. काकांचा पहिला प्रश्न, ‘आडनाव काय?’ उत्तर ऐकलं आणि म्हणाले, ‘फ्लॅट गेला म्हणून सांग.’ किल्ल्या दाराशी खिळ्याला लटकत होत्या. तो ‘हो’ मात्र नियमाप्रमाणे तसाच टक्केवारीत गेला.

काका खोटारडे नव्हते. समोर कोणी पेन उघडून बसलं की माणूस आपली चांगली बाजूच पुढे करतो. म्हणून थेट न विचारता कल जोखण्याच्या पद्धती निघाल्या. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली मिलग्रम यांनी तिकीट लावलेली पाकिटं रस्त्यात ‘हरवू’ दिली. १९६५ साली त्यांनी मांडलेले आकडे असे: वैद्यकीय संशोधन संस्थेच्या पत्त्यावरची १०० पैकी ७२ पाकिटं लोकांनी पेटीत टाकली, कम्युनिस्ट पक्षाच्या मित्रमंडळाची फक्त २५. आपल्याकडे सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल या अभ्यासकांनी सारख्याच पात्रतेचे नोकरीचे अर्ज वेगवेगळ्या आडनावांनी पाठवले. त्यांच्या २००७ च्या अभ्यासात दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणी कमी आली.

मला स्वतःला नाण्याची पद्धत आवडते, कारण तिच्यात कोणाची फसवणूक नाही. मुठीआड नाणं उडवायचं. छापा आला तर ‘होय’ म्हणायचं, काटा आला तर खरं सांगायचं. एकट्या माणसाचं गुपित राहतं, निम्म्या लोकांचं ‘होय’ नाण्याचं धरून बाकीचा हिशोब लागतो. वर्तकनगरच्या आमच्या भिशीत विचारलं, ‘कामवाल्या मावशींचा कप वेगळा ठेवता का?’ आधी हात वर करायला सांगितले, एकही हात वर नाही. नाण्यानंतर अठरांत तेरा ‘होय’. नाण्याचे नऊच्या आसपास यायला हवे होते. अठरा जणी फार थोड्या, त्यावरून काही सिद्ध होत नाही, पण खोलीत बराच वेळ कोणी बोललं नाही.

माझी कळकळीची विनंती आहे: टक्केवारी छापताना प्रश्न नेमका कोणत्या शब्दांत, कोणी आणि कोणासमोर विचारला, हेही एका ओळीत छापा.

— एक सर्वेक्षक, वर्तकनगर, ठाणे (प.)