‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणणाऱ्या मंत्रिमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्री महोदय,

सा. न. वि. वि. आमच्या भागातल्या उघड्या चेंबरांबद्दल आमदारांनी विधानसभेत टाकलेल्या अतारांकित, म्हणजे फक्त लेखी उत्तर मिळणाऱ्या, प्रश्नाचं तुमचं छापील उत्तर परवा सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलं. एवढ्या व्यापातून सही केलीत, आभारी आहोत.

प्रश्न साधा होता. सिंहगड रोडच्या आतल्या रस्त्यावर चेंबरची झाकणं नसल्याने अपघात होत आहेत हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली काय, नसल्यास विलंबाची कारणे काय. तुमचं उत्तर: हे खरे नाही. पुढे सगळीकडे: प्रश्न उद्भवत नाही.

साहेब, त्या ‘खऱ्या नसलेल्या’ चेंबरात पावसाळ्यात माझ्या बायकोची अ‍ॅक्टिव्हा गेली. मनगटात प्लेट बसलीय, भाकरी थापता येत नाही, रात्री ठणका लागला की उठून बसते, मेडिक्लेमवाल्यांनी बिल कापलं ते वेगळंच, आणि वर तुम्ही लिहून देता की असं काही झालंच नाही! उत्तर वाचून मुद्दाम जाऊन बघून आलो. झाकण नाहीच. कडुनिंबाची फांदी खोचलीय, तिला लाल ओढणी बांधलीय, तीपण कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याने. शासनाची कार्यवाही म्हणून तीच दाखवा आता, पुढच्या उत्तरात कामाला येईल.

मुळात हे उत्तर लिहितं कोण? तुम्ही नाही हे आम्हालाही कळतं. प्रश्न मंत्रालयातून खाली खाली सरकत ज्या इंजिनिअरने झाकण बसवायचं होतं त्याच्याच टेबलावर येणार, तो ‘खरे नाही’ लिहिणार, वरचे सगळे सह्या करत जाणार, शेवटची तुमची. म्हणजे चोरानेच पंचनामा लिहायचा. जागेवर जाऊन फोटो काढायला कितीसं पेट्रोल लागतं हो?

तारांकित असता तर निदान सभागृहात उभं राहून उपप्रश्न तरी विचारता आला असता. अतारांकितला लेखी उत्तर आलं की विषय संपला. इंग्रजांनी १८९२ च्या कायद्याने कौन्सिलात प्रश्न विचारायची मुभा दिली तेव्हाही उपप्रश्नाला बंदीच होती, ती उठली १९०९ ला, तीही फक्त मूळ प्रश्न विचारणाऱ्यापुरती. म्हणजे आमच्या चेंबरपुरतं अजून १८९२ च चालू आहे म्हणायचं. नाहीतर याच प्रश्नांची ताकद अशी की १९५७ ला लोकसभेत एलआयसीचे पैसे उद्योगपती हरिदास मुंदडाच्या कंपन्यांत का घातले विचारलं गेलं, फिरोज गांधींनी पाठ सोडली नाही, आणि १९५८ च्या फेब्रुवारीत अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना घरी जावं लागलं, तेही सत्ताधारी पक्षाच्याच खासदारामुळे!

आणि आपल्याकडे? २८८ आमदार, त्यातले निम्मे तरी प्रश्न टाकून लेटरहेडचा फोटो फेसबुकवर टाकला की मोकळे. उत्तर वाचतो कोण? चुकीच्या उत्तरासाठी एखादा बाबू सस्पेंड झालेला मी तरी ऐकला नाही. विरोधक असताना हेच तुम्ही ‘सभागृहाची दिशाभूल’ म्हणून बाकं बडवायचात, खुर्ची मिळाली की प्रश्नच उद्भवायचे बंद.

तर उत्तर दुरुस्त करून सभागृहात निवेदन करा, ‘खरे नाही’ लिहिणाऱ्याचं नाव जाहीर करा, आणि झाकण बसवा. लोखंडी नको, चोरीला जातं. आमदारांना सांगितलंय, पुढच्या अधिवेशनात तारांकितच टाका, फोटो आम्ही देतो.

आपला,
सिंहगड रोडचा एक करदाता