जोडतासिका लावतेस, तर

दारव्हा

चि. मंजूस,
अनेक आशीर्वाद.

वेळापत्रक यंदा तुझ्याकडे आलं अन् विज्ञानाला जोडतासिका, म्हणजे लागोपाठ दोन तासिका, लावू का, असं तू विचारलंस. लाव. पण आधी नववीलाच, आठवड्यात दोनदा. विज्ञानाच्या बाकीच्या तासिका सुट्याच राहू दे.

अंतर्वक्र आरशाचं नाभीय अंतर काढायचं तर एका तासिकेच्या 35 मिनिटांतली अर्धी मिनिटं हजेरी, गट अन् साहित्यवाटपातच जातात. दूरच्या झाडाची प्रतिमा कागदावर जेमतेम स्पष्ट होते, तोवर घंटा! आरशापासून कागदापर्यंतचं अंतर तीन वेळा मोजून सरासरी काढायची राहते, आणि दुसऱ्या दिवशी पोरं फळ्यावरचं उत्तर वहीत उतरवतात. 70 मिनिटं मिळाली तर अशी वाट: 10 मागची उजळणी, 10 कृती समजावणं, 30 प्रयोग, 15 लिहिणं आणि प्रश्न, 5 आवराआवर. 48 पोरांचे 8-8 चे सहा गट केले, की आरसे सहाच लागतात. आरसा सूर्याकडे धरू नका, हे सुरुवातीलाच बजाव.

वेळापत्रक मांडताना प्रयोगशाळा आधी बसव, कारण ती एकच आहे. मग अनेक वर्गांत फिरणारे शिक्षक, मग जोडतासिका, आणि सुट्या तासिका शेवटी. उलट्या क्रमानं गेलीस तर जोड मधल्या सुट्टीच्या अल्याडपल्याड तुटते. आठवडी बाजाराच्या दिवशी पटावरची निम्मी पोरं नसतात. तो दिवस सोड. कापूस वेचणीच्या दिवसांत एक खाडा म्हणजे दोन तासिका बुडाल्या, म्हणून खाडा झालेल्या पोराला त्याच्याच गटातल्या कुणाची तरी प्रयोगवही दुसऱ्या दिवशी दे.

गणित आणि इंग्रजीला जोड लावू नको. त्यांना रोजचा हात लागतो. अमेरिकेत काही शाळा रोज चारच मोठ्या तासिका ठेवून विषय अर्ध्या वर्षात संपवतात. आपली दहावीची बोर्डाची परीक्षा वर्षाच्या शेवटी, तोवर दिवाळीआधी संपलेला विषय कोणाच्या ध्यानात राहणार?

सगळ्यात मोठी खोट शिक्षकाची असते. 70 मिनिटं मिळाली की काही जण 70 मिनिटं बोलतातच. तसं होताना दिसलं तर ती जोड सरळ मोडून टाक. ज्यांची जोड असेल त्यांना लागोपाठ दुसरी देऊ नको, घसा बसतो. ते रजेवर असले तर त्यांच्या जागी तासिका घेणाऱ्याला प्रयोग करायला लावू नको. त्या दिवशी आकृत्या आणि स्वाध्याय.

सकाळची शाळा लागली की तासिका आखूड होतात. प्रयोग त्याआधीच उरकून घे.

तुझी आई