लुव्हेनची वाटणी आणि आमचं कुलूपबंद कपाट

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय: सोलापुरात निरनिराळ्या मातृभाषांच्या मुलांसाठी एकत्र वसतिगृह मिळणेबाबत

महोदय,

सप्रेम नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागातला. घरात तेलुगू, गल्लीत कन्नड, शाळेत मराठी आणि बाजारात दखनी बोलत वाढलो. पुढे एका कॉलेजात ग्रंथपाल म्हणून ३१ वर्षं काढली. म्हणून मागणी वसतिगृहाची असली तरी सुरुवात पुस्तकांपासून करतोय, सवयच ती.

बेल्जियममध्ये लुव्हेन नावाचं गाव आहे. तिथं १४२५ साली पोप मार्टिन पाचवे यांच्या आज्ञापत्रानं विद्यापीठ निघालं. १५१७ मध्ये विख्यात पंडित इरॅस्मस यांच्या खटपटीनं त्याच गावात लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू शिकवणारं त्रिभाषा महाविद्यालय उभं राहिलं. धर्मग्रंथ मुळातून वाचायचा तर त्याच्या भाषा यायला हव्यात, एवढा साधा हिशेब. कर्मठ पंडितांनी नाकं मुरडली, पण ते चाललं. १७९७ मध्ये फ्रेंच राजवटीनं विद्यापीठालाच टाळं लावलं. १८३४ मध्ये बिशप मंडळींनी ते कॅथलिक विद्यापीठ म्हणून पुन्हा सुरू केलं. विश्व प्रसरण पावतंय हे गणितानं मांडणारे जॉर्ज लमेत्र इथलेच प्राध्यापक, आणि पाद्रीही. (आमच्याकडे विज्ञानाच्या मास्तरानं सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेला जावं की नाही यावर स्टाफरूममध्ये वाद होतात, तेव्हा मला हे गृहस्थ आठवतात.)

ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन फौजेनं तिथलं ग्रंथालय जाळलं. सुमारे तीन लाख पुस्तकांची राख झाली. अमेरिकेतून वर्गणी आली, नवी इमारत झाली, ती १९४० मध्ये पुन्हा जळली. तरी विद्यापीठ एकच राहिलं.

ते फुटलं १९६८ मध्ये, भाषेवरून. लुव्हेन डचभाषक मुलखात, आणि विद्यापीठात वर्ग डच व फ्रेंच दोन्ही भाषांत. ‘वालून लोकांनो, चालते व्हा’ अशा घोषणा फ्रेंच बोलणाऱ्यांविरुद्ध रस्त्यावर घुमल्या. त्या वादात देशाचं सरकार पडलं. शेवटी फ्रेंच विभागासाठी शेतजमिनीवर लुव्हाँ-ला-नव्ह, म्हणजे ‘नवं लुव्हेन’, हे गावच वसवायचं ठरलं. ग्रंथालयाचीही वाटणी झाली: विषम क्रमांकाची पुस्तकं एकीकडे, सम क्रमांकाची दुसरीकडे. ग्रंथपालाच्या पोटात गोळा येईल अशी ही वाटणी.

आमच्याकडे अशी मारामारी झाली नाही. आमच्याकडे कुलूप लागलं. माझ्या ग्रंथालयात कन्नड-तेलुगूचं एक कपाट होतं. आधी किल्ली हरवली, मग ‘मागणी नाही’ असा शेरा आला. निवृत्तीच्या आठवड्यात मी कुलूप तोडलं. आत डांबरगोळ्यांचा नुसता पांढरा भुगा, आणि एका तेलुगू व्याकरणाच्या मागच्या चिठ्ठीवर शेवटचा शिक्का १९९८ चा. मागणी कुठून येणार? अक्कलकोट-मंगळवेढ्याची पोरं शेवटच्या तासाला सॅक मांडीवर घेऊन बसतात, कारण एसटी चुकली तर पुढचे दोन तास स्टँडवर. त्यांचं कॉलेज घंटेला सुरू होतं आणि घंटेला संपतं.

साहेब, आमचं विद्यापीठ २००४ साली झालं ते एकाच जिल्ह्यासाठी. पण हा एक जिल्हा म्हणजे चार भाषांचा संसार आहे. २०२२ मध्ये पलीकडून, कर्नाटकातून, अक्कलकोट-सोलापूरवर हक्क सांगितला गेला तेव्हा इथल्या कन्नड बोलणाऱ्या पोरांकडे लोक कसे बघत होते, ते मी पाहिलंय. भाषेचे विभाग काढून, भाषा दिन साजरे करून हे सुटत नाही.

नव्या लुव्हेनमधली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी आहे. तिथं सात-आठ, कधी दहा-बारा विद्यार्थी एका घरात राहतात आणि वर्षभरासाठी गावाच्या उपयोगाचं एक काम अंगावर घेतात. तसं आम्हाला द्या. एका मजल्यावर आठ पोरं, मातृभाषा निदान तीन, स्वयंपाकघर एकच. कडक भाकरी कुणाची आणि पुळिहोरा (चिंचेचा भात) कुणाचा, यावर भांडू द्या त्यांना. काम भरपूर आहे. कर्नाटकातल्या इंडी-आळंदहून उपचारांना आलेल्या माणसाला डॉक्टरांचं मराठी कन्नडमधून सांगायचं. विडी वळणाऱ्या तेलुगू बायकांचे पेन्शनचे फॉर्म भरायचे. नव्या शैक्षणिक धोरणात समाजकार्याला श्रेयांक आहेतच. सध्या त्या समाजकार्याच्या फायली झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतात, मुलींच्या गुलाबी कव्हरात, मुलांच्या निळ्या.

मुलींसाठी वेगळा मजला लागेल, रेक्टर लागेल, आणि मेसला अनुदान लागेल. हे तुमच्या खात्याला मी काय सांगावं. जागेचं म्हणाल तर पूर्व भागात बंद पडलेल्या यंत्रमागाच्या दोन शेड मी पाहून ठेवल्यात. खोल्या किती बसतील तेही टेपनं मोजलंय. रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसला बसा, सकाळी सोलापूर. स्टेशनवर न्यायला मी येतो.

आपला,
एक निवृत्त ग्रंथपाल, सोलापूर