13 मिलिव्होल्टचा घोळ सोडवणाऱ्या काकांना

काका,
सप्रेम नमस्कार वि. वि.

आभार तेव्हाच मानायला हवे होते, पण सर्किट चालल्याच्या आनंदात राहून गेलं.

मायक्रोकंट्रोलरच्या पीडब्ल्यूएम पिनपुढे (ती झटपट चालू-बंद होत सिग्नल देते) 1 किलोओमचा रेझिस्टर आणि 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर असा फिल्टर लावला, तर ऑसिलोस्कोपवर 400 हर्ट्झची साइन वेव्ह इतकी गुळगुळीत आली की मी फोटो काढून ठेवला. 8 ओमचा स्पीकर जोडला आणि वेव्ह गायब! पिन जळाली असं समजून मी दोन संध्याकाळी कोडच चाळत बसले होते. तुम्ही एवढंच विचारलंत, "लोड लावून मोजलंस का?" आणि कागदावर दोन रेझिस्टर काढलेत: वर 1000, खाली 8. 1.65 व्होल्टच्या शिखरातून स्पीकरच्या वाट्याला जेमतेम 13 मिलिव्होल्ट. शाळेतला भागाकार!

तरी मी शहाणपणा केलाच. एलएम358 हा ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारी चिप) लावून गेन, म्हणजे सिग्नल किती पट वाढवायचा ते, वाढवत सुटले आणि वेव्हचे माथे सपाट झाले. तुम्ही म्हणालात, "व्होल्टेज वाढवून काय करतेस, करंट कोण देणार? 2 व्होल्टच्या शिखराला 8 ओम पाव अँपिअर मागतो, आणि हा बिचारा वीस-तीस मिलिअँपिअरचा धनी." ऑप-अँप हातात घेतला की तुमचं ते 'बिचारा' अजून आठवतं.

मग करंट द्यायला बीडी139-बीडी140 या ट्रान्झिस्टरची जोडी लावली, वेव्हचा वरचा अर्धा भाग एकाचा, खालचा दुसऱ्याचा. आवाज मोठा, पण खरखरीत. वेव्ह शून्यापाशी आली की पायरी पडायची. दोन्ही बेसना (ट्रान्झिस्टर चालू करणाऱ्या पायांना) 0.6-0.7 व्होल्ट मिळेपर्यंत कोणीच काम करत नव्हतं. बेसच्या मध्ये दोन डायोड आणि फीडबॅक (ऑप-अँपकडे परत जाणारा सिग्नल) ऑप-अँपच्या आउटपुटच्या पायाऐवजी एमिटरच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आउटपुटच्या पायांच्या, जोडापासून, एवढ्याने ती पायरी गेली. आउटपुटचा 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटरही तुमच्याच नजरेला पडला. 8 ओमबरोबर तो 2 किलोहर्ट्झच्या खालचं अडवत होता. 1000 मायक्रोफॅरड लावल्यावर ती सीमा 20 हर्ट्झवर आली.

एक कबुली. एमिटरला 0.47 ओम लावायला तुम्ही बजावलं होतंत, मी कंटाळा केला. ट्रान्झिस्टर तापला, तापला म्हणून जास्त करंट ओढू लागला, आणि गेला. बोटालाही चटका बसला. आता रेझिस्टर लावलेत, डायोडही हीटसिंकला (ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याला) चिकटवलेत.

पुढच्या वेळी याल तेव्हा 4 ओमचा स्पीकर लावून बघायचाय. हीटसिंक मोठा आणून ठेवते.

तुमची,
लोड लावून मोजणारी