फिका रंग म्हणजे उणेपणा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाइनविषयीच्या लेखांत शार्डोने (पांढऱ्या वाइनचे द्राक्ष) आणि पिनो न्वार (लाल वाइनचे द्राक्ष) यांचे कौतुक होते तेव्हा त्याचे श्रेय बहुधा ओकच्या लाकडी पिंपाला आणि वाइन करणाऱ्याच्या कसबाला मिळते. ज्या थंड हवेमुळे ही वाइन मुळात बोलकी होते, तिचा उल्लेख मात्र ओझरताच येतो. त्यासाठी हा पत्रप्रपंच.

द्राक्ष पिकत असताना त्याला आंबटपणा देणारे मॅलिक आम्ल उष्णतेने झपाट्याने घटते. वाढीच्या हंगामाचे सरासरी तापमान साधारण १४ ते १६ अंश सेल्सिअस असले आणि रात्री गार असल्या, तर हे आम्ल बऱ्याच अंशी टिकते, साखर सावकाश चढते आणि तोवर सालीतील गंध व टॅनिन (तुरटपणा देणारे द्रव्य) परिपक्व व्हायला उसंत मिळते. उष्ण भागात साखर पुढे धावते आणि चव मागे राहते. ही उणीव पुढे कोणतेही पिंप भरून काढू शकत नाही.

पिनो न्वारची साल पातळ असते आणि तिच्यात रंगद्रव्यही कमी असते. फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतातील उत्तम पिनो न्वारचा प्याला छापील कागदावर तिरका धरला, तर कडेच्या फिक्या लालीतून खालची अक्षरे वाचता येतात. अनेकांना हा दोष वाटतो, म्हणून गडद रंगासाठी साली जोराने आणि जास्त दिवस घुसळल्या जातात. त्यातून रंग थोडाफार मिळतो, पण सोबत कडवटपणा येतो आणि गंध दबून जातो. माझ्या मते या द्राक्षावर झालेला हा सर्वांत मोठा अन्याय आहे.

शार्डोनेची अडचण नेमकी उलटी आहे. त्याचा स्वतःचा गंध सौम्य असल्याने त्यावर जे लादावे ते ते निमूटपणे स्वीकारते. मॅलिक आम्लाचे अधिक सौम्य अशा लॅक्टिक आम्लात रूपांतर पूर्ण होऊ द्यायचे की अर्ध्यावर थांबवायचे, तळाचा यीस्टचा साका ढवळायचा की नाही, २२८ लिटरच्या पिंपांपैकी नवी किती घ्यायची, हे त्या वर्षाचे द्राक्ष चाखूनच ठरवायला हवे.

या दोन्ही वेलींचे डोळे लवकर फुटतात, त्यामुळे वसंतातील दहिवर (गोठलेले दव) त्यांच्या मुळावर येते. एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सने त्याचा मोठा फटका सोसला. बर्गंडीच्या उत्तरेकडील शाब्लीत अशा रात्री वेलींवर पाण्याचे फवारे सोडतात. गोठताना पाणी उष्णता सोडते आणि काचेसारख्या बर्फाच्या आवरणात नखाएवढा हिरवा कोंब शून्याच्या आसपास तग धरतो. फवारा मध्येच थांबला, तर मात्र तोच बर्फ त्याच्या जिवावर उठतो. एवढी जोखीम पत्करून बागायतदार थंडीला धरून राहतो, आणि तीच थंडी आता हातची सुटत चालली आहे: बर्गंडीतील बोन येथील १३५४ पासूनच्या नोंदींनुसार १९८८ नंतरची तोडणी आधीच्या सहाशेहून अधिक वर्षांच्या सरासरीपेक्षा सुमारे १३ दिवस अलीकडे सरकली आहे.

म्हणून विनंती अशी की, यापुढे या वाइनविषयी लिहिताना पिंपाच्या वर्णनाआधी द्राक्ष कोठल्या उतारावरचे होते, त्या वर्षीचा हंगाम कसा गेला आणि तोडणी कोणत्या तारखेला झाली, एवढे तरी आवर्जून छापावे.

आपला,
एक नियमित वाचक