कापसाच्या जिनिंगच्या आवारातील काकाजींना, खुर्ची फिरवल्याबद्दल

आदरणीय काकाजी,
सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या हाती देण्याऐवजी सर्वांसमोर लिहीत आहे, कारण तोंडी आभार मानायला गेले की तुम्ही "त्यात काय मोठं" म्हणत विषय थेट पावसापाण्यावर नेता आणि माझे सांगणे तसेच राहून जाते. तुमची नात हे वाचून दाखवील, तेव्हा कृपया तिला मध्येच थांबवू नका.

26 जुलै 2021 रोजी टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानच्या मोमिजी निशियाने स्केटबोर्डिंगचे, म्हणजे चाके लावलेल्या फळीवरच्या खेळाचे, सुवर्णपदक जिंकले, ते मी सेवा केंद्रात सातबाऱ्याचे उतारे काढता काढता मोबाइलवर पाहिले होते. ती 13 वर्षांची होती, दुसरी आलेली ब्राझीलची रायसा लियालही 13 वर्षांचीच होती, आणि मी तेव्हा 21 वर्षांची असून गावाच्या रस्त्यावर सायकलही धड चालवू शकत नव्हते, कारण रस्ताच धड नव्हता. तरीही पायाखालची फळी हवेत गिरकी घेऊन परत पायाखाली येते, हे दृश्य काही केल्या डोक्यातून जाईना. त्या गिरकीला किकफ्लिप म्हणतात.

पुढची दोन वर्षे वाया गेली, आणि ती कोणी घालवली हे लिहिल्याशिवाय तुमचे मोल कळायचे नाही. घरपोच मागवलेला पहिला स्केटबोर्ड लहान मुलांचे खेळणे निघाला, त्याचे प्लॅस्टिकचे ट्रक, म्हणजे फळीखाली चाके धरून ठेवणारे भाग, आठवड्यात तुटले आणि विकणाऱ्याने फोन उचलणे बंद केले. शहरातल्या एका प्रशिक्षकाने मोबाइलवर शिकवण्याचे पैसे आगाऊ घेतले आणि माझी पहिली चित्रफीत पाहून एवढेच कळवले की आधी चांगले बूट घ्या. तालुक्याच्या मैदानावर खेळाचीच जबाबदारी असलेल्या एका गृहस्थांनी, लग्नाआधी पाय मोडून घ्यायची हौस आहे का, असे चार पोरांसमोर विचारले. पोरे हसली. पडल्यापेक्षा ते हसणे जास्त दिवस दुखले.

मग तुमचे आवार मिळाले. परवानगी कशी मिळाली, तुम्ही मालकांशी काय बोललात, यात शिरत नाही. कापसाचा हंगाम उलटून गेलेला, गंज्या उचललेल्या, आणि एवढे मोठे गुळगुळीत काँक्रीट मोकळे पडलेले. बोर्डाची चाके लहान आणि टणक असतात, एखादी सरकी आडवी आली तरी ती जागीच अडतात आणि माणूस पुढे फेकला जातो. बेअरिंगजवळ, आसाभोवती कापसाचे तंतू असे पीळ घालून बसत की मला ते सुईने उकरून काढावे लागत.

पहिल्या संध्याकाळी मी अकरा वेळा पडले. अकराव्या वेळी ढोपर सोलले आणि मी वर पाहिले, तर तुम्ही उठत होतात. आता हे धावत येणार, हळद लावायला सांगणार, उद्यापासून येऊ नको म्हणणार, अशी माझी खात्री झाली. तुम्ही मात्र खुर्ची उचललीत, तिची पाठ माझ्याकडे केलीत, फाटकाकडे तोंड करून बसलात आणि म्हणालात, "पड ना माय बिनधास्त. मी रस्ता पाहून राह्यलो."

काकाजी, माणूस पडला की धावून येणारे आपल्याकडे कमी नाहीत. मोटारसायकल घसरली तर दहा जण पाणी घेऊन येतात, आणि त्याबद्दल आपल्या भागाचा मला अभिमानच आहे. पण एखाद्याला, त्यातही एका मुलीला, कोणाची नजर अंगावर न घेता पडू देणे, आणि वर फाटकाशी बसून इतरांच्या नजराही अडवणे, ही सभ्यता मला तोवर कोणी दाखवली नव्हती. ती शिकवायला शाळाही नाही. तुम्ही ती लोखंडी खुर्ची रोज तशीच मांडत राहिलात, उन्हाळाभर आणि पुढे पावसाळ्यात शेडखालीही.

पाठ फिरवून बसलात तरी तुमचे कान माझ्याकडेच होते, हे मला उशिरा कळले. किकफ्लिपमध्ये मागच्या पायाने बोर्डाचे शेपूट जमिनीवर आपटायचे असते आणि पुढचा पाय वर घासत नेऊन टाचेकडच्या कडेवरून झटकायचा असतो, म्हणजे फळी स्वतःभोवती एक पूर्ण फेरी घेते. मी शेपूट आपटत नव्हते, नुसते दाबत होते. तुम्ही मागे न पाहताच म्हणालात, "विटीच्या टोकावर टोला मारला का विटी उडते. तू तं फळी चेपून राह्यली, आवाजच येत नाही." महिनाभर पाहिलेल्या चित्रफितींनी जे सांगितले नव्हते, ते तुम्ही विटीदांडूच्या जोरावर, तेही ऐकून सांगितलेत.

त्यानंतर मीही आवाज ऐकू लागले. टोला बसला की टक्, फळी उलटी पडली की तिच्या वरच्या बाजूला चिकटवलेल्या खरखरीत ग्रिपटेपचा आवाज, एकच पाय टेकला की पुढची चाके आधी आणि मागची नंतर. मागच्या मंगळवारी टक् झाले, मग क्षणभर काहीच ऐकू आले नाही आणि नंतर चारही चाके एकदमच वाजली. मी फळीवर उभी होते. तुम्ही हललाही नाहीत, फक्त विचारलेत, "आता फिरवू का खुर्ची?"

मी नको म्हणाले, कारण एकदा जमणे हा योगायोगही असू शकतो. काल सलग तीनदा जमले. थोड्याच दिवसांत कापसाच्या गाड्या येऊ लागतील आणि आवार भरून जाईल, म्हणून या रविवारी संध्याकाळी पाचला कृपया खुर्ची आवाराकडे तोंड करून मांडा.

आपली नम्र,
सेवा केंद्रातली मुलगी